पाणकावळ्याच्या घरट्यापाशी अडलेली सफर

६ जुलै २०२५, आषाढी एकादशी. इक्वाडोरच्या किनाऱ्यापासून जवळपास हजार किलोमीटर पश्चिमेला, गालापागोसमधल्या फर्नांडिना बेटावर आम्ही चौदा जण सकाळी सव्वासातला उतरलो. तिथलं घड्याळ बेळगावच्या साडेअकरा तास मागं, म्हणजे पंढरपुरात तेव्हा संध्याकाळ झालेली. सव्वादहापर्यंत बेटावर थांबायची मुभा होती, पण नऊला आम्ही सगळेच्या सगळे नावेवर परत होतो. एकाचा अपमान झालेला, एकीला चक्कर आलेली, आणि जे पाहायला अर्धं जग ओलांडून आलो ते बहुतेकांच्या कॅमेऱ्यात नाही. सीमाभागातून अशा सफरीबद्दल विचारणारे फोन मला येतात. विचारणाऱ्यांना खर्च आणि लेन्स एवढंच हवं असतं. मला वाटतं त्यांनी आधी हे प्रकरण वाचावं.

बेळगावातली ठरवाठरवी

मी टिळकवाडीत फोटोग्राफीचे वर्ग घेतो. भीमगडच्या कडेचं रान, जांबोटी-कणकुंबीचा पाऊस, घटप्रभेचं पक्षी अभयारण्य आणि दांडेलीकडची ‘हाइड’, एवढी आमची शाळा. हाइडमध्ये पहाटे शिरायचं, जाळीमागं बैठक मारायची आणि पाण्यावर पक्षी येईपर्यंत तासन्‌तास हलायचं नाही. ज्याची बैठक पक्की त्याला फोटो मिळतो, हे मीच सगळ्यांच्या मनावर बिंबवलेलं.

२०१७ साली मी गालापागोसला एकटा गेलो होतो. नावेवरच्या बऱ्याच केबिन रिकाम्या होत्या, प्रवासी सहाच. निळ्या पायांच्या बूबी पक्ष्यांपाशी मी दीड तास बसलो आणि कुणी हटकलं नाही. तीच आठवण डोक्यात ठेवून आठ वर्षांनी मी या सफरीचं माहितीपत्रक लिहायला घेतलं आणि त्यात एक वाक्य घातलं: ‘घाईगडबड नाही, एकेका जागी दोन-दोन तास.’ पुढं जे झालं त्याचं मूळ मला या वाक्यात दिसतं.

नाव सोळा प्रवाशांची होती, आम्ही चौदा. माझ्यासकट आठ जण बेळगावचे, खानापूरच्या एक शिक्षिका आणि त्यांची कॉलेजात शिकणारी मुलगी, आणि निपाणीकडचे चौघे. त्या चौघांतले काका ६८ वर्षांचे. ऊस आणि तंबाखू करणारे शेतकरी, फोटोग्राफी साठीनंतर लागलेली. दोन गळीत हंगामांचे पैसे बाजूला टाकून ते आले होते. त्यांनी पत्रकातलं ते वाक्य पेनानं अधोरेखित करून ठेवलं होतं, हे मला नंतर कळलं.

निघण्याच्या पाच महिने आधी नाववाल्या कंपनीनं पत्रात सुचवलं होतं की फोटोग्राफीचा गट असेल तर दुसरा गाईड घ्या, त्याचे एवढे पैसे वेगळे पडतील. आमच्या बैठकीत तो आकडा मी वाचून दाखवला. कुणीतरी म्हणालं, “दुसरा गाईड कशाला, सर? तुम्ही आहात की!” सगळ्यांनी माना डोलावल्या. मला ते ऐकून बरं वाटलं आणि मी ती ओळ खोडली. माणशी खर्च कमी झाला म्हणून सगळे खूष झाले. त्या बेटांवर मी कितीही वेळा गेलो तरी पर्यटकच आहे, गाईड नाही, हे मला माहीत असूनही मी तेव्हा बोललो नाही.

बाकीची तयारी नीट झाली होती. इक्वाडोर पिवळ्या तापाच्या यादीतला देश आहे. लस टोचून किमान दहा दिवस झाल्याचं कार्ड जवळ नसेल तर भारतात परतताना विलगीकरणात बसावं लागतं. म्हणून सगळे वेळेत मुंबईला जाऊन लस टोचून आले. बेटांवर ताजी फळं, बी-बियाणं, माती न्यायला बंदी. आमच्यातल्या शहापूरच्या वहिनींनी उपासासाठी बांधून घेतलेले कच्चे शेंगदाणे मीच घरी ठेवायला लावले. त्याऐवजी काय न्यायचं हे मात्र मी सांगितलं नाही.

गालापागोसचा कायदा

इथले नियम नीट समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही. या बेटांच्या जमिनीपैकी सुमारे ९७ टक्के भाग १९५९ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. परवानाधारक गाईडशिवाय उद्यानाच्या उतरण्याच्या जागांवर पाय ठेवता येत नाही. एका गाईडमागं जास्तीत जास्त सोळा जण आणि गट एकत्र. आखलेली वाट सोडायची नाही, प्राण्यापासून दोन मीटर लांब राहायचं, फ्लॅश नाही, ड्रोन नाही. सकाळी सहाच्या आधी आणि संध्याकाळी सहाच्या नंतर किनाऱ्यावर कुणी नको.

शिवाय कोणत्या नावेनं कोणत्या दिवशी कुठं थांबायचं, ते उद्यान ठरवून देतं. एकच जागा त्याच नावेला चौदा दिवसांत दुसऱ्यांदा मिळत नाही. भीमगडला आज वाघाटी (छोटं रानमांजर) दिसली नाही तर पुढच्या रविवारी परत जाता येतं. फर्नांडिनावर एखादा क्षण हुकला की तो त्या सफरीपुरता, आणि आमच्यासारख्यांसाठी बहुधा आयुष्यापुरता, हुकला. अशा जागी माणूस हट्टाला पेटतो ते मी समजू शकतो.

हे नियम का आहेत, ते तिथं पाय ठेवल्यावर लगेच कळतं. आपल्याकडे पक्षी माणूस दिसला की उडतो, त्यामुळं अंतर तोच ठरवतो. तिथं प्राण्याला माणसाची भीतीच नाही. समुद्री इग्वाना वाटेवर आडवा पडलेला असतो आणि तुम्हीच त्याला वळसा घालता. अंतर राखायची सगळी जबाबदारी माणसावर येते आणि आपल्याला त्याची सवय नसते.

त्या सकाळी

आदल्या रात्री नाव इसाबेला बेटाला उत्तरेकडून वळसा घालून आली. जुलैत तिथं थंड हवा आणि लाटांचा मोसम असतो. रात्रभर बिछान्यावर माणूस इकडून तिकडं लोळत होता. सहा जणांना उलट्या झाल्या. वहिनींनी गोळी घेतली, पण एकादशी म्हणून सकाळी दोन केळी आणि चहा एवढ्यावरच त्या पांग्यात बसल्या. पांगा म्हणजे नावेवरून किनाऱ्यावर नेणारी रबरी होडी.

पुंता एस्पिनोसा ही तिथली उतरायची जागा. कांदळवनाच्या कडेला काळ्या खडकावर पाय टाकायचा. समोर ला कुंब्रे ज्वालामुखी, १४७६ मीटर उंच, डोकं ढगात. मार्च २०२४ मध्ये तो फुटला होता. दोरखंडासारखा वळ्या पडून थिजलेला लाव्हा पायाखाली. काकांनी वाकून त्यावर हात फिरवला आणि म्हणाले, “आमच्या काळ्या रानाची ही नात म्हणायची.” बरोबर बोलले. निपाणीची काळी माती ज्या दगडाची झाली तो दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा, आणि हे बेट त्यापुढं अगदीच कोवळं.

पहिला अर्धा तास इग्वानांनी घेतला. शेकडोंच्या संख्येनं एकमेकांच्या अंगावर पाय टाकून ऊन येण्याची वाट पाहत पडलेले. समुद्रातलं शेवाळ खाताना पोटात गेलेलं मीठ ते नाकावाटे फवाऱ्यासारखं बाहेर फेकतात. माझ्या फिल्टरवर ते बारीक थेंब वाळून पांढरे ठिपके उठले. कपड्यानं पुसलं तर काच ओरखडते, म्हणून आधी गोड्या पाण्याचा थेंब टाकावा लागतो. ज्यांनी छोटी पाण्याची बाटली आणली नव्हती त्यांचे पुढचे सगळे फोटो धुरकट आले. बारीक गोष्ट आहे, पण जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावी.

मग वाटेच्या कडेला पाच-सहा मीटरवर न उडणाऱ्या पाणकावळ्याचं घरटं दिसलं. हा पक्षी फर्नांडिना आणि इसाबेलाच्या किनाऱ्यावर सोडून जगात कुठंच नाही. बेटावर मागं लागणारं कुणी नाही आणि खाणं सगळं पाण्याखाली, त्यामुळं पिढ्यान्‌पिढ्यांत पंख आखूड होत गेले. आता उरलेत ती नुसती थोटकं. पाण्यातून आल्यावर तो ती थोटकंसुद्धा आपल्या पाणकावळ्यासारखीच पसरून वाळवतो. डोळा मात्र असा निळा, की त्या करड्या पक्ष्यात तो कुणी नंतर बसवला असावा. जोडीतला एक घरट्यावर होता आणि दुसरा पाण्यात गेलेला. तो परतताना चोचीतून समुद्रशेवाळ आणतो, ते जोडीदारापुढं धरतो, आणि मग ते घरट्यात रचलं जातं. गाईडबाईंनी एवढं सांगितलं आणि काकांनी तिथंच बैठक मारली.

वीस मिनिटं गेली. वाट अरुंद, घरट्यासमोर जेमतेम चौघांना जागा. मागचे दहा जण माना उंचावत उभे. गाईडबाई मला म्हणाल्या, शेवटची पाच मिनिटं, मग सगळ्यांनी पुढं जायचं. मी मराठीत सांगितलं, “काका, जरा लवकर आवरा.” या वाक्यावर मी नंतर खूप विचार केला. त्यांनी ‘शेवटची’ म्हटलं होतं, मी ‘जरा’ केलं. मोठ्या माणसाला तोंडावर ‘उठा’ म्हणायची आपल्याला सवय नाही. काकांना वाटलं सर नुसतं मागच्यांच्या समाधानासाठी बोलतायत. “बसतो की मी इथंच, तुम्ही पुढं होऊन या,” ते म्हणाले. आणि त्यांच्याकडे माझाच शब्द होता, दोन-दोन तासांचा.

गाईडबाई त्यांना एकटं सोडू शकत नव्हत्या आणि बाकीच्यांना एकटं पुढं पाठवू शकत नव्हत्या. आणखी पंधरा मिनिटं अशीच गेली. तेवढ्यात वहिनी खाली बसल्या. चेहरा पांढरा, कपाळावर घाम. आता त्यांना नावेवर न्यायला हवं होतं, आणि एकच गाईड असल्यामुळं त्यांच्याबरोबर सगळ्यांनाच जावं लागणार होतं. बाईंनी वॉकीटॉकीवरून पांगा बोलावला.

आम्ही वळलो आणि नेमका तेव्हाच पाण्यातला पक्षी वर आला. चोचीत तपकिरी शेवाळाचा झुबका. काकांनी मागं पाहिलं, वाट सोडली, चार पावलं खडकावर टाकली आणि वाइड लेन्स लावलेला कॅमेरा घेऊन घरट्यापासून हातभरावर गुडघे टेकले. गाईडबाई धावत गेल्या आणि त्यांनी लेन्सपुढं हात धरला. “मी काय त्याला खायलाय काय?” काका ओरडले. घरट्यावरचा पक्षी अर्धा उठला, मान फुगवून पुन्हा बसला. शेवाळ घेऊन आलेला पाण्याच्या कडेला थबकला, मग काकांना वळसा घालून घरट्याशी गेला.

तो फोटो आमच्यापैकी तेरा जणांना मिळाला नाही. खानापूरची मुलगी वाटेवरच, आपल्या जागी उभी होती. तिच्याकडे दूरचं जवळ आणणारी १००-४०० लेन्स होती आणि तिनं सहा मीटरवरून सगळा प्रसंग टिपला. तिच्याकडे कुणाचं लक्षसुद्धा नव्हतं.

दुपार आणि संध्याकाळ

वहिनी दुपारपर्यंत सावरल्या. मीठ-साखरेचं पाणी आणि झोप. “विठोबानं उपास पुरा करून घेतला,” त्या म्हणाल्या, पण मला माझे शेंगदाणे आठवत राहिले.

जेवणानंतर गाईडबाईंनी मला वरच्या डेकवर बोलावलं. त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं. पाहुण्यानं नियम मोडला की प्रश्न गाईडच्या परवान्याचा येतो. पुन्हा असं झालं तर त्या गृहस्थांना किनाऱ्यावर उतरवणार नाही. मग त्यांनी शांतपणे विचारलं, “तुम्ही त्यांच्या भाषेत नेमकं काय सांगितलं होतं?” मी खरं सांगितलं. त्या बराच वेळ समुद्राकडे पाहत राहिल्या.

संध्याकाळी नाव इसाबेलाच्या तागुस कोव्हमध्ये होती. कड्यावर जुन्या जहाजांची रंगवलेली नावं दिसत होती. आम्ही चौदा जण डेकवर बसलो. बोलणी कडू झाली. एक जण म्हणाले, काकांना उरलेले दिवस नावेवरच ठेवा. दुसऱ्यांचं म्हणणं, बाईंना थोडे जास्तीचे पैसे देऊ, त्या सोडतील सूट. त्याला मी तिथंच नाही म्हटलं. तिसरे म्हणाले, सगळीकडं सारखी दहा-दहा मिनिटं थांबू, भांडणच नको. पण तसं केलं तर कुणालाच काही मिळणार नव्हतं, नुसतं चालणं झालं असतं. खानापूरच्या शिक्षिकांनी मला सरळ विचारलं, “सर, पत्रकात दोन तास लिहिलं होतं ते कुठल्या हिशेबानं?” माझ्याकडे हिशेब नव्हता. आम्ही तो तिथंच कागदावर मांडला. किनाऱ्यावर तीन तास, चालण्यात एक तास, उरले दोन तास म्हणजे १२० मिनिटं. थांबण्यासारख्या जागा सहा, म्हणजे जागेला वीस मिनिटं. समोर उभं राहायला जागा चौघांना, माणसं चौदा. म्हणजे माणशी सहा मिनिटंही नाहीत. हे गणित पाच महिन्यांपूर्वी टिळकवाडीत दहा मिनिटांत झालं असतं.

काका तोवर गप्प होते. मग म्हणाले, “आमच्यात मोटर एक आणि रानं चार भावांची. सगळ्यांनी एकदम दारं धरली तर कुणाचंच रान भिजत नाही. पाळी लावतोय आम्ही. निम्मी माणसं उतरू दे, निम्मी नावेवर. मग उलटं. माझी पाळी शेवटची धरा.”

सात-सात जणांचे दोन गट. प्रत्येकाचा किनाऱ्यावरचा वेळ निम्म्यावर येणार होता. पण सात जणांनी सहा जागा पाहायच्याच नाहीत, एकच निवडायची आणि तिथं बसायचं, असं ठरलं तर एका जागी तासभर मिळत होता, आणि चौघं पुढं, तिघं मागं अशी अदलाबदलही होत होती.

मी हे गाईडबाईंना सांगितलं. या वेळी शब्द न शब्द, काकांच्या मोटरीसकट. त्यांनी तीन अटी घातल्या. दुसरा गट नावेवरच राहील. उद्यानानं दिलेल्या वेळेच्या आत दोन्ही पाळ्या संपतील. आणि त्यांनी ‘उठा’ म्हटलं की मी ‘उठा’च म्हणेन. त्यांना दुप्पट चालावं लागणार होतं, तरी त्या तयार झाल्या, पण दोनच जागांसाठी. सांतियागोच्या पुएर्तो एगासला वेळ पुरत नव्हता, तिथं त्यांनी नाही म्हटलं आणि आम्हीही ताणलं नाही.

पुढचे दिवस

इसाबेलाच्याच उर्बिना बे इथं पहिला प्रयोग फारसा जमला नाही. पहिल्या पाळीला कोवळा उजेड मिळाला, दुसरीला साडेनऊनंतरचा डोक्यावरचा. दुसऱ्या पाळीतले कुरकुरले आणि ती तक्रार रास्त होती. तेव्हा पुढच्या जागी गट उलटे करायचे ठरलं. काकांनी मात्र आपली पाळी शेवटचीच ठेवली, त्यासाठी ते गट बदलून गेले.

हेनोवेसा हे बेट म्हणजे समुद्रात बुडालेल्या ज्वालामुखीचा काठ. विवराच्या आत नाव उभी राहते. कड्यावरच्या पायऱ्या चढून वर गेलं की लाव्हाचं सपाट मैदान, आणि त्याच्या भेगांमध्ये वादळी पाखरांची (स्टॉर्म पेट्रेल या समुद्रपक्ष्यांची) वसाहत. हजारो पाखरं धुळीसारखी भिरभिरत असतात. तिथलं आखूड कानांचं घुबड दिवसाढवळ्या शिकार करतं. भेगेच्या तोंडाशी दगड होऊन बसतं आणि आत शिरणारं पाखरू पकडतं.

दुसऱ्या पाळीत मी होतो. ढगाळ होतं, त्यामुळं उजेडाची चिंता नव्हती. सात जण एका जागी बसलो आणि पन्नास मिनिटं काहीही दिसलं नाही. मग काकांनी बोट न उचलता नुसत्या डोळ्यांनी दाखवलं. बारा-तेरा मीटरवर तपकिरी दगडावर तपकिरी घुबड. आम्ही बसलो त्याआधीपासून ते तिथं होतं. निपाणीच्या माणसाची बैठक शेवटी त्या पक्ष्याइतकीच पक्की ठरली. त्यांनी अकरा फोटो काढले, मग कॅमेरा मांडीवर ठेवला आणि मागं बसलेल्या वहिनींना पुढं यायला जागा करून दिली. घुबडानं झडप घातली तेव्हा पुढं वहिनी होत्या. त्यांच्याकडे फक्त मोबाइल होता.

गाईडबाईंनी वेळ झाल्याची खूण केली. मी म्हटलं, “उठा.” काका सगळ्यांत आधी उठले.

सगळेच समाधानानं परतले असं नाही. बेळगावच्या दोघांना अजूनही वाटतं की निम्मा वेळ नावेवर बसवून त्यांचे पैसे बुडाले. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. जे विकलं ते मी दिलं नाही, एवढं त्यांच्या बाजूनं खरं आहे.

पुढच्या सफरीचं पत्रक मी आता लिहिलंय. दहा जण, दोन गाईड, आणि दुसऱ्या गाईडचा खर्च पहिल्या ओळीतच. ‘दोन-दोन तास’ काढून टाकलंय. त्या जागी डेकवर मांडलेलं गणित जसंच्या तसं छापलंय. एकादशीच्या तारखाही तपासल्या आणि उपासाचं काय काय चालतं याचा एक परिच्छेद घातला.

दिवाळीच्या सुमारास काकांचा फोन आला. खानापूरच्या पोरीनं काढलेल्या फोटोची मोठी प्रिंट त्यांना हवी होती. फ्रेममध्ये शेवाळ घेऊन आलेला पाणकावळा आहे, त्याचा निळा डोळा आहे, घरट्यावरची मादी अर्धी उठलेली आहे. डाव्या कडेला काकांचा धूसर गुडघा आणि लेन्सपुढं धरलेला बाईंचा हात आलाय. मी विचारलं, कडेचं कापून देऊ का? “कापू नका,” ते म्हणाले, “आहे तसाच करा, आणि एक प्रत त्या बाईंनाही धाडा.”